मिनिटाला एक कण, मग उघडझाप कळते कशी?

प्रश्न : सीटीए-१ या सुपरनोव्हाच्या (ताऱ्याच्या स्फोटाच्या) अवशेषातला पल्सार, म्हणजे दीपगृहासारखा झोत फिरवणारा मृत ताऱ्याचा गाभा, सेकंदाला तीनदा फिरतो, पण फर्मी दुर्बिणीला त्याच्याकडून गॅमा किरणांचा जेमतेम एक कण मिनिटाला मिळतो, असं वाचलं. एवढ्यावर त्याची उघडझाप कशी ओळखली? – एक वाचक, गुहागर

उत्तर : तुम्ही गुहागरचे, म्हणजे भरती-सुकती तुम्हाला मी शिकवायला नको. माझे काका दाभोळ खाडीत गरवायला जायचे. तांबोशी मासळी लागली की घरी येऊन कॅलेंडरवर वेळ टिपायचे. कधी सकाळी सात, कधी दुपारी दोन. घड्याळाशी काही मेळ नाही. एका मे महिन्याच्या सुट्टीत मी प्रत्येक वेळेतून आधीच्या भरतीची वेळ वजा करत बसलो. बहुतेक नोंदी सुकती लागल्यावरच्या दीड-दोन तासांत येऊन बसल्या! मधल्या कित्येक भरत्या कोरड्याच गेल्या होत्या, तरी लय सापडली.

फर्मीचं गणित हेच. गॅमा किरण वातावरणातच अडतात, म्हणून २००८ च्या जूनमध्ये ही दुर्बीण साडेपाचशे किलोमीटर उंचीवर धाडली. आत टंगस्टनचे पातळ पत्रे आहेत. गॅमा कण त्यावर आदळला की इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (त्याचा धनभारित जुळा) यांची जोडी निघते, सिलिकॉनच्या पट्ट्यांवर तिची वाट उमटते आणि सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत वेळ नोंदली जाते. या पल्सारचा फेरा ०.३१६ सेकंदाचा. म्हणजे दोन कणांमध्ये सरासरी १९० फेरे. वेळेला फेऱ्याच्या काळाने भागायचं आणि फक्त बाकी बघायची. हजारो बाक्या एका जागी गोळा झाल्या की जमलं.

मेख अशी, की फेरा अचूक हवा. भरती १२ तास २५ मिनिटांऐवजी १२ तासांनी येते असं मी धरलं असतं, तर काकांच्या नोंदी पुन्हा विखुरल्या असत्या. इथे तर पल्सार रेडिओ दुर्बिणींना दिसलेलाच नव्हता. काळ सांगणार कोण? संगणकाने एकामागून एक काळ लावून पाहिले. पल्सार हळूहळू मंदावतो, तेही धरायचं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे कण काही मिनिटं लवकर-उशिरा पोचतो, तो फरकही काढायचा. एवढं करून २००८ मध्येच तो हाती लागला. निव्वळ गॅमा किरणांवरून सापडलेला हा पहिला पल्सार.

माझा शोध मी काकांना मोठ्या तोऱ्यात ऐकवला होता. ते गरीला आमिष लावत म्हणाले, "सुकतीलाच लागते ती. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."