टेक्सासला येण्याआधी बंदुकीच्या कायद्यांविषयी

सप्रेम नमस्कार,

एच-१बी व्हिसावर पत्नी आणि प्राथमिक शाळेतील मुलीसह डॅलसच्या उत्तरेकडील उपनगरांत राहायला येण्याची तयारी तुम्ही करत आहात आणि शाळेतील गोळीबाराची आणखी एक बातमी वाचून तुम्ही मला दोन प्रश्न विचारले आहेत. एवढे झाल्यावर तरी अमेरिकेने बंदुकीचे कायदे कडक करायला नकोत का, हा पहिला. आणि ते कडक होतीलच असे धरून निघावे का, हा दुसरा. पहिल्याचे माझे उत्तर ‘करायला हवेत’ असे आहे आणि दुसऱ्याचे ‘तसे धरून निघू नका’ असे. मात्र लष्करी धाटणीच्या रायफलींवर बंदी आली की प्रश्न मिटेल, हे तुमचे मत मला मान्य नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी दुसरा प्रश्न घेतो. येथे बंदूक बाळगणे ही सरकारने परवाना देऊन केलेली मेहेरबानी नसून राज्यघटनेने मान्य केलेला हक्क आहे. १७९१ सालची दुसरी घटनादुरुस्ती हा त्याचा आधार. परंतु हा हक्क प्रत्येक व्यक्तीचा आहे आणि घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणे त्यात येते, असा स्पष्ट निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २००८ मध्ये, हेलर खटल्यात. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मागणाऱ्याला आपली गरज पटवून द्यावी लागते. येथे हक्कावर बंधन घालू पाहणाऱ्या सरकारला ते बंधन न्यायालयात टिकवून दाखवावे लागते. एवढे ध्यानात घेतले की बाहेरून निव्वळ हट्ट वाटणारा येथील वाद निदान समजू लागतो. पटू लागतो, असे मी म्हणत नाही.

२४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युवाल्डी या गावी प्राथमिक शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. मारेकऱ्याने नुकतीच वयाची १८ वर्षे पूर्ण केली होती आणि आपल्या रायफली कायदेशीररीत्या विकत घेतल्या होत्या. त्यानंतर महिनाभरात, २५ जूनला, बायडेन यांनी एका केंद्रीय कायद्यावर सही केली. २१ वर्षांखालील ग्राहकाच्या अल्पवयातील नोंदीही तपासाव्यात, घातक ठरू शकणाऱ्या व्यक्तीची शस्त्रे काढून घेण्याच्या व्यवस्थेसाठी राज्यांना पैसा द्यावा, अशा त्यातील तरतुदी माफक होत्या, तरी गेल्या तीन दशकांतील तो या विषयावरचा सर्वांत मोठा केंद्रीय कायदा मानला जातो. गंमत अशी (गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही) की त्याच्या दोनच दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कचा जुना कडक कायदा रद्द करून घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क अधिक रुंद केला होता. एकाच आठवड्यात कायदा एका बाजूने आवळला गेला आणि दुसऱ्या बाजूने सैल झाला.

टेक्सासचे स्वतःचे म्हणाल, तर १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीला पिस्तूल जवळ बाळगून फिरण्यासाठी परवाना लागत नाही, आणि युवाल्डीनंतरही तो कायदा जागचा हलला नाही. ६ मे २०२३ रोजी अ‍ॅलन येथील मॉलमध्ये ८ जण मारले गेले, त्यांत हैदराबादची एक तरुण अभियंताही होती. अ‍ॅलन हे तुम्ही घर पाहत आहात त्याच पट्ट्यात येते. दोनच दिवसांनी लष्करी धाटणीच्या रायफली विकत घेण्याचे वय २१ करणारे विधेयक विधिमंडळाच्या समितीत मंजूर झाले, परंतु सभागृहात मतदानाला ते कधी आलेच नाही. शिवाय येथील शहरांना याबाबत राज्यापेक्षा कडक नियम करण्याची मुभा नाही, त्यामुळे डॅलसच्या नगरपालिकेच्या मनात असले तरी तिच्या हाती फारसे काही नाही.

गोळीबारानंतर काहीच बदलत नाही, हेही मात्र खरे नव्हे. फेब्रुवारी २०१८ मध्ये पार्कलँड येथील शाळेत १७ जण मारले गेल्यावर फ्लोरिडाच्या रिपब्लिकन गव्हर्नरांनी तीन-साडेतीन आठवड्यांत खरेदीचे वय २१ करणाऱ्या, खरेदी आणि ताबा यांत तीन दिवसांचे अंतर ठेवणाऱ्या आणि न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरती शस्त्रे काढून घेता येतील अशा कायद्यावर सही केली. म्हणून ‘अमेरिकेत कायदा काय आहे’ असे विचारू नका. कोणत्या राज्यात, असे विचारा. न्यू जर्सी किंवा मॅसॅच्युसेट्सची नोकरी तुम्हाला मिळत असेल, तर या एका बाबतीत तुम्ही वेगळ्याच देशात राहाल.

आता पहिला प्रश्न. बातम्यांतून दिसतो तो सामूहिक गोळीबार, परंतु बंदुकीने होणाऱ्या एकूण मृत्यूंत त्याचा वाटा फार थोडा आहे. २०२१ मध्ये या देशात बंदुकीने ४८,८३० माणसे मेली आणि त्यांतील २६,३२८ आत्महत्या होत्या. उरलेल्यांत बहुसंख्य खून, आणि तेही प्रामुख्याने पिस्तुलाने झालेले. २०२० पासून १ ते १९ या वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण बंदूक हेच ठरले आहे. लष्करी धाटणीच्या रायफलींवर १९९४ ते २००४ अशी दहा वर्षे केंद्रीय बंदी होती; ती पुन्हा आली तर मी विरोध करणार नाही, शाळेत किंवा मॉलमध्ये घुसलेल्या माणसाच्या हाती मोठे मॅगझिन नसणे मोलाचेच आहे. परंतु सारी राजकीय ताकद तिच्यावरच खर्च झाली, तर खाटेशेजारच्या खणातील भरलेल्या पिस्तुलापर्यंत कायदा पोहोचतच नाही.

तिथे पोहोचणारे कायदे नीरस आहेत. परवानाधारक दुकानदाराने ग्राहकाची पार्श्वभूमी तपासावी, असे केंद्रीय कायदा सांगतो. व्यवसाय म्हणून विक्री न करणाऱ्या खासगी व्यक्तीला तो लागू नाही आणि टेक्सासने ही फट बुजवलेली नाही. ती बुजवण्याचा एक प्रयत्न सँडी हूकच्या शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेल्यानंतर एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये झाला आणि ५४ विरुद्ध ४६ असे बहुमत मिळूनही पडला, कारण ६० मते लागत होती. दुकानातील तपासणीलाही मुदत आहे: तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आले नाही, तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये ९ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल मिळाले ते असेच. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू देणे हा गुन्हा आहे खरा, पण मुलाच्या हाती ती लागल्यानंतर. मिशिगनने २०२४ पासून, जेथे अल्पवयीन मुलाचा वावर असेल तेथे बंदूक कुलपात ठेवणे आधीच बंधनकारक केले. मला हवे आहे ते हेच.

माझ्या ओळखीच्या काही बंदूकधारकांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. पोलीस पोहोचायला अर्धा तास लागेल अशा शेतावर राहणाऱ्याला शस्त्राची गरज वाटणारच, आणि पूर्वीच्या जोडीदाराकडून धमक्या येत असलेल्या स्त्रीला बंदूक ताब्यात मिळायला दहा दिवस थांबा असे सांगणे क्रूरपणाचे होईल. तिच्यासाठी अपवाद ठेवता येतो. अपवाद लागतो म्हणून नियमच नको, हे मला पटत नाही. दुसरीकडे, ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथील ३५ मृत्यूंनंतर बारा दिवसांत राष्ट्रीय करार करून साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या, तसे येथे करा, असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. येथे नागरिकांकडे अंदाजे ३९ कोटी बंदुका आहेत, आणि त्यांची केंद्रीय नोंदवही ठेवण्यास १९८६ चा कायदाच मनाई करतो.

तुमच्यापुरते बोलायचे, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एच-१बी किंवा (त्याच्या पत्नी-मुलांना मिळणाऱ्या) एच-४ सारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे ठरावीक अपवाद वगळता, बंदूक किंवा काडतुसे ताब्यात ठेवण्यास केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि शिक्षा १५ वर्षांपर्यंतची आहे. टेक्सासमध्ये परवाना लागत नाही, हे वाक्य तुम्हाला लागू नाही. कचेरीतील सहकारी आपुलकीने शूटिंग रेंजवर चला म्हणतील; तेथे भाड्याची बंदूक हाती धरणे हाही ताबाच मानला जाऊ शकतो, तेव्हा वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नका. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही बंदी उरत नाही; घेण्याचा विचार झालाच, तर तिजोरी आधी घ्या.

दुकानांच्या दारांवर ३०.०६ आणि ३०.०७ या आकड्यांच्या पाट्या दिसतील. परवानाधारकानेही पिस्तूल आत आणू नये, पहिली लपवून आणि दुसरी उघडपणे, असा त्यांचा अर्थ आहे. कंपनीने कार्यालयात शस्त्रबंदी केली असली, तरी कर्मचाऱ्याच्या बंद गाडीत ते असू शकते, कारण २०११ पासून राज्याने मालकांना त्यावर बंदी घालण्यास मनाई केली आहे. शाळेत मुलीला दार लावून शांत बसण्याचा सराव करवतील. तो कधी आणि कसा होतो हे शाळेला आधीच विचारा, म्हणजे घरी तिला तुमच्या शब्दांत सांगता येईल. आणि ती मैत्रिणीकडे खेळायला जाणार असेल, तेव्हा घरात कुत्रा आहे का, पोहण्याचा तलाव आहे का, हे विचारतानाच बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का, हेही विचारा. येथे अनेक पालक हा प्रश्न विचारतात. उत्तर नीट मिळाले नाही, तर मैत्रिणीला तुमच्या घरी बोलवा.