दक्षिण कोरियातील बुसानमध्ये आयत्या वेळी एक दिवस मोकळा मिळाला, तर समुद्रकाठच्या बौद्ध मंदिरात बसने जाऊन येता येईल का?

होय, अगदी सहज येईल, आणि त्यासाठी आधीपासून काही ठरवून ठेवण्याचीही गरज नाही. परिषद एक दिवस आधी आटोपली, मुक्काम हेउन्दे भागात आहे, कोरियन भाषा येत नाही, आपण शाकाहारी आहात आणि सहल कंपनीच्या गाडीत बसायचे नाही, एवढी माहिती आपण प्रश्नात दिली आहे, त्याला धरूनच लिहितो. मी नोकरीनिमित्त बुसानमध्ये राहतो. हेदोंग योंगगुंगसा या मंदिरात पहिल्यांदा गेलो तोही असाच, सकाळी चहा पिता पिता मनात आले म्हणून, आणि आता घरी कोणी पाहुणा आला की त्याला तिथे नेणे ठरलेलेच असते.

मेट्रोच्या दुसऱ्या मार्गावरील हेउन्दे स्थानकाबाहेरच्या थांब्यावरून १८१ क्रमांकाची बस मिळते. कोणत्याही लहान दुकानात मिळणारे टी-मनी कार्ड घेऊन त्यात रोख पैसे भरून ठेवावेत. पुढच्या दाराने चढताना ते यंत्राला लावायचे आणि मागच्या दाराने उतरताना पुन्हा लावायचे, म्हणजे लगेच दुसरी बस किंवा मेट्रो धरल्यास वेगळे पूर्ण भाडे पडत नाही. रस्ता शोधण्यासाठी इथे नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप ही कोरियन नकाशा-अ‍ॅप्स अधिक भरवशाची. बस सोंगजोंगच्या किनाऱ्याजवळून गिजांगकडे जाते, आणि सकाळच्या फेरीत गिजांगच्या बाजाराला निघालेल्या आजीबाई चाकांच्या पिशव्या गुडघ्यांत धरून बसलेल्या असतात. त्यांच्यापैकी कोणाला नुसते ‘योंगगुंगसा?’ असे विचारले, तरी थांबा येण्याआधीच त्या घंटीचे बटण दाबून हाताने दाराकडे खूण करतात, असा माझा अनुभव आहे. उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालावे लागते.

शनिवार-रविवार असेल तर मात्र सकाळी लवकर निघा. या भागात अलीकडे मोठी दुकाने, हॉटेले आणि मनोरंजन उद्यान झाल्यामुळे सुट्टीच्या दुपारी रस्ता तुंबतो आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासाला किती वेळ लागेल याचा नेम राहत नाही.

मंदिराच्या वाटेवर आधी खाद्यपदार्थांच्या टपऱ्या लागतात आणि मग बारा राशिप्राण्यांचे माणसाएवढे पुतळे रांगेने उभे दिसतात. आपल्या जन्मवर्षाचा प्राणी शोधून त्याच्याजवळ फोटो काढणाऱ्यांची तिथे झुंबड असते. पुढे वाहनचालकांच्या सुरक्षिततेसाठी उभारलेला एक उंच मनोरा आहे. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्या आपल्या लोकांना त्याचे प्रयोजन समजावून सांगावे लागत नाही. त्यानंतर १०८ पायऱ्या उतरायच्या. देवळाला जाताना चढायचे असते ही आपली सवय इथे उलटी होते: झाडीतून खाली उतरता उतरता लाटांचा आवाज वाढत जातो आणि एका वळणावर खडकांवर बसवलेले सगळे मंदिर एकदम समोर येते. वाटेत पुत्रप्राप्तीसाठी ज्याच्या पोटावरून हात फिरवतात तो बुद्ध आहे. हातांनी त्याचे पोट झिजून काळे-गुळगुळीत झाले आहे. खालच्या दगडी पुलावरून लोक पाण्यातल्या पात्रात नाणी टाकतात, आणि नेम चुकला की दुसरे नाणे काढतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही. हे मंदिर १३७६ साली गोर्यो राजवटीच्या काळातील नाओंग या भिक्षूने स्थापन केले असले, तरी सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानच्या स्वारीत ते नष्ट झाले आणि १९३० च्या दशकात पुन्हा उभे राहिले. आज दिसणारे बांधकाम बहुतांशी त्याहूनही अलीकडचे आहे. आजचे नाव १९७४ नंतरचे. त्या वर्षी आलेल्या प्रमुख भिक्षूला ड्रॅगनवर बसलेल्या शुभ्रवस्त्रा ग्वानउमचे, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाचे, स्वप्नात दर्शन झाले, असे मंदिराची परंपरा सांगते. त्यामुळे जुने लाकूड, शांतता आणि धूपाचा वास एवढेच हवे असेल, तर बुसानमध्येच डोंगरावर असलेले, इ. स. ६७८ मध्ये स्थापन झालेले बोमोसा गाठा. ते मला स्वतःला अधिक आवडते. योंगगुंगसा म्हणजे सोनेरी डुकरांच्या मूर्ती, कंदिलांच्या माळा, नवस आणि गर्दी यांसह नांदते देवस्थान आहे, आणि जत्रेत रमणाऱ्या माणसाला ते खटकणार नाही.

सगळ्यात वरती सुमारे दहा मीटर उंचीची ग्वानउमची मूर्ती समुद्राकडे तोंड करून उभी आहे, तिथे मात्र थोडा वेळ काढा. ग्वानउम म्हणजे आपला अवलोकितेश्वर. छत्रपती संभाजीनगरजवळच्या औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटे कोरली आहेत, आग, हत्ती, साप यांच्याबरोबरच बुडते जहाजही त्यात आहे, आणि प्रत्येक ठिकाणी माणूस त्याचा धावा करीत आहे. समुद्रापासून इतक्या दूर, दख्खनच्या डोंगरात व्यापाऱ्यांना ज्याचा आधार वाटला, तो इथे खरोखरच मासेमारीच्या किनाऱ्यावर उभा आहे, हे लक्षात घेऊन पाहिले तर ती मूर्ती नुसती फोटोपुरती राहत नाही.

परतताना पुलाच्या अलीकडून किनाऱ्याकडे फुटणारी वाट धरा. तिथे खडकावर जिजांगची, म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्वाची, सोनेरी मूर्ती आहे, आणि संपूर्ण मंदिर समुद्रासह दिसते ते याच जागेवरून. बहुतेक छायाचित्रे इथूनच काढलेली असतात. वारा बोचरा असतो, त्यामुळे हिवाळ्यात कानटोपी हवीच.

खाण्याविषयी: टपरीवर काडीला लावून मिळणारे ओमुक माशांचे असते आणि सोबत कागदी पेल्यात देतात ते गरम पाणीही माशांच्याच अर्काचे, तेव्हा ते टाळा. भाजलेल्या बिया आणि साखर भरलेला गरम होत्तोक घ्या, पण पिठात किंवा तळणीत काय आहे याबद्दल अगदी काटेकोर असाल तर फळे बरोबर ठेवा. मंदिरात प्रवेश शुल्क नाही. दोन तासांत सगळे पाहून होते. मग त्याच १८१ ने परत येताना सोंगजोंगला उतरा, किनाऱ्यावर लाटांवर स्वार होणारी मुले पाहा आणि तिथून समुद्राच्या कडेने मिपोपर्यंत जाणारी छोटी पर्यटक रेल्वे धरा. २०२० मध्ये जुन्या लोहमार्गावर सुरू झालेली ही गाडी हेउन्देच्या किनाऱ्याजवळच सोडते, मात्र सुट्टीच्या दिवशी तिची तिकिटे लवकर संपतात, ती सकाळीच मोबाइलवरून काढून ठेवा.