दामे : धरणगाव नव्हे

प्रश्न असा आला आहे : बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये, ब्रूजजवळ, दामे नावाचं टुमदार गाव आहे. नाव 'डॅम'वरून पडलंय म्हणतात. मग मराठीत त्याला धरणगाव म्हणावं का? आणि भोवतालच्या 'पोल्डर'ला, म्हणजे बांध घालून समुद्राकडून मिळवलेल्या जमिनीला, आपल्याकडे शब्द आहे का?

धरणगाव नको. एक तर ते जळगाव जिल्ह्यात आधीच आहे! शिवाय अर्थही चुकतो. धरण गोडं पाणी अडवून साठवतं. दामेचा 'दाम' भरतीचं खारं पाणी बाहेर थोपवण्यासाठी होता. त्याला आपला शब्द बांध.

'पोल्डर'साठी तर कोकणाकडे नेमका शब्द आहे. भरतीला जिथे पाणी चढतं, तिवरं वाढतात, ते खाजण. त्याला बांध घालून भाताखाली आणलं की ती खार. फ्लेमिश लोकही असाच भेद करतात : बांधाबाहेरचं ते 'स्खोरे', आतलं ते 'पोल्डर'. (गोव्यात मात्र बांधलेल्या शेतालाही खाजनच म्हणतात, तेव्हा तिथल्या वाचकाने माझ्यावर रागावू नये.) त्यांच्या 'स्लाउस'ला, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराला, अलिबाग-पेणच्या खारेपाटातला माणूस उघाडी म्हणेल आणि गोवेकर मानस.

बांध फुटून पडणारी खांडही दामेच्या कथेत आहे. एक खांड काही केल्या बुजेना, तेव्हा भुंकून जीव नकोसा करणारं कुत्रं लोकांनी तिच्यात लोटलं, म्हणे. गावाच्या चिन्हावर कुत्रा आहे. मला ही गोष्ट नावावरून मागाहून रचलेली वाटते.

गावाचं नशीबही याच शब्दांत सांगता येतं. 1134 च्या वादळी उधाणाने झ्विनची खाडी रुंदावली, तिच्या टोकाशी दामे वसलं, 1180 मध्ये त्याला नगराचे हक्क मिळाले. ब्रूजचा माल इथे उतरायचा, दारूची पिंपं खास करून. 1468 मध्ये बर्गंडीच्या चार्ल्सचं यॉर्कच्या मार्गारेटशी लग्न लागलं तेही इथेच. पण खाजणाची खार होत गेली तसतसं भरतीच्या पाण्याला पसरायला जागा उरली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचा जोर ओसरला की गाळ वाहून जात नाही, बसतो. ज्या बांधांनी शेतं दिली, त्यांनीच बंदर बुजवायला हातभार लावला. गाव इतकं आटलं की 1725 मध्ये चर्चचा मधला भाग पाडून टाकला. बुरूज तेव्हापासून वेगळा उभा आहे, रुसून बसल्यासारखा.

उच्चाराचं म्हणाल तर शेवटी ठसठशीत 'ए' नाही, निसटता 'अ' आहे. लिहिताना दामेच ठेवावं. आणि फोटोंत पॉपलर झाडांच्या वाकलेल्या रांगांमधून सरळ जाणारं पाणी दिसतं, त्याला कृपया खाडी म्हणू नका. तो नेपोलियनने खणायला लावलेला कालवा आहे.