सिनिऑरिटी नंबर बरोबर नेता येत नाही

(अमेरिकेतल्या रीजनल एअरलाइन्समध्ये, म्हणजे मोठ्या कंपन्यांसाठी छोटी विमानं चालवणाऱ्या कंपन्यांत, २२ वर्षं विमानं उडवून निवृत्त झालेले एक मराठी कॅप्टन या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत एका रीजनल एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे. लागून १४ महिने झाले. त्यांच्या कराराच्या वाटाघाटी ३ वर्षं रखडल्या आहेत. आता युनियनने संपासाठी मतदान घेतलं, बहुतेकांनी 'हो' म्हटलं, त्यात हाही. पुढच्या आठवड्यात गणवेश घालून विमानतळासमोर फलक धरून उभा राहणार म्हणतो. डोक्यावर प्रशिक्षणाचं कर्ज आहे. आम्ही म्हणतो, दोन वर्षं मुकाट्याने विमान उडव आणि मोठ्या एअरलाइनमध्ये जा, युनियनच्या भानगडीत कशाला पडतोस? उद्या कंपनीने चिडून टाळंच लावलं तर? — एक काळजीत पडलेली आई

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला '१४ महिने' हा आकडा वाचला आणि मी निम्मा निश्चिंत झालो. बहुतेक करारांत पहिलं वर्ष प्रोबेशनचं असतं. त्या वर्षात कंपनीने घरी बसवलं तर दाद मागायला फारशी जागा नसते. तो उंबरठा त्याने ओलांडलाय. आता त्याला काढायचं तर कारण दाखवावं लागेल, सुनावणी द्यावी लागेल आणि प्रकरण लवादापर्यंत गेलं तर तिथे ते टिकवावं लागेल. ही सोय त्या भानगडीवाल्या युनियनच्याच करारात लिहिलेली असते.

संपाच्या मतदानाला तुम्ही घाबरलात, ते साहजिक आहे. पण मतदान म्हणजे संप नव्हे. तिथे विमान कंपन्यांना रेल्वे लेबर अ‍ॅक्ट लागू होतो. कायदा १९२६चा, मुळात रेल्वेसाठी केलेला. १९३६मध्ये विमान कंपन्या त्यात आल्या. या कायद्याखाली करार संपतच नाही. ठरलेली तारीख उलटली की तो फक्त 'बदलण्यायोग्य' होतो आणि नवा होईपर्यंत जुनाच चालू राहतो. बोलणी अडली की नॅशनल मीडिएशन बोर्ड मध्यस्थ नेमतं. मध्यस्थीतून काही निघत नाही असं त्या बोर्डाला वाटलं आणि लवादही कुणी नाकारला, तर दोन्ही बाजूंना मोकळं करतात. त्यानंतर ३० दिवस थांबायचं, आणि मग संप. तेव्हाही राष्ट्राध्यक्ष आणीबाणी मंडळ नेमून तो रोखू शकतात. १९९७च्या फेब्रुवारीत अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी मध्यरात्री संप सुरू केला आणि काही मिनिटांतच क्लिंटन यांनी तो थांबवला. तुमच्या मुलासाठी मजेची गोष्ट म्हणजे तेव्हाच्या भांडणाचं एक मुख्य कारण होतं, छोटी रीजनल जेट्स कुणी उडवायची.

या सगळ्या दिरंगाईत फायदा कुणाचा, हे सांगायला नको. पगार जुना, महागाई नवी. म्हणून तर माणसं फलक घेऊन उभी राहतात.

हे असं उभं राहणं सुट्टीच्या दिवशी असतं आणि कायदेशीर असतं. खुशाल उभं राहू दे. फक्त दोन गोष्टी त्याच्या कानावर घाला. पहिली : सोशल मीडियावर कंपनीबद्दल एक ओळही लिहू नकोस. दुसरी : चिडलेल्या चार मित्रांनी 'उद्या सगळे आजारी पडू या' असा बेत केला, तर त्यात जाऊ नकोस. १९९९मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी तसंच केलं. न्यायालयाने काम सुरू करायला सांगितलं, तरी रजा थांबल्या नाहीत आणि युनियनला साडेचार कोटी डॉलरच्या वर भुर्दंड पडला. या कायद्यात वाट लांबची आहे, पण आडवाटेने गेलं की पाय मोडतो.

आता टाळं लागण्याबद्दल. इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. २००१मध्ये सिनसिनाटीच्या कॉमएअरचे वैमानिक ८९ दिवस संपावर होते. त्यांनी तेव्हाच्या रीजनल कंपन्यांत उठून दिसणारा करार मिळवला. २०१२च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्या मालकाने, म्हणजे डेल्टाने, कॉमएअर बंद केली. संपामुळे बंद पडली असं म्हणणारे भेटतील. मधल्या ११ वर्षांत दिवाळखोरी झाली, इंधन महागलं, ५० आसनांची जेट्स परवडेनाशी झाली, हे ते सांगत नाहीत. उलट कॉम्पास, ट्रान्स स्टेट्स आणि एक्सप्रेसजेट या तिघी २०२०मध्ये बंद झाल्या, तेव्हा कुणी संपावर नव्हतं. रीजनल एअरलाइनच्या विमानाच्या शेपटीवर दुसऱ्याच कंपनीचं नाव असतं. तिकीट ती मोठी कंपनी विकते, वेळापत्रक ती आखते आणि रीजनलला ठरलेले पैसे देते. तो करार तिने पुढे चालवला नाही, तर इथली माणसं कितीही शहाण्यासारखी वागोत, विमानं जातात.

माझ्या बाबतीत हे घडलेलं आहे. कंपनीचं नाव घेत नाही. आमच्या क्रू रूममध्ये कॉर्कच्या फळीवर सिनिऑरिटी लिस्ट, म्हणजे कंपनीत कोण आधी लागलं त्या क्रमाची यादी, टाचलेली असे. दर महिन्याला नवी यादी आली की लोक पिवळा मार्कर घेऊन आपलं नाव रंगवत. बारा वर्षांत मी ८६० वरून २१४ वर आलो होतो. २१४ म्हणजे काय, तर शनिवार-रविवार घरी, उन्हाळ्यात रजा, आणि घराजवळचा बेस. एका दुपारी कॅप्टनच्या डाव्या सीटवर बसून कागद भरत होतो, तेव्हा फोनवर संदेश आला की मोठ्या कंपनीने करार थांबवलाय. पाच महिन्यांनी मी दुसऱ्या रीजनलच्या वर्गात बसलो होतो. १९ जणांचा वर्ग. त्यांच्यात कोण वर, कोण खाली हे वयावरून ठरायचं. शाळेत कधी पहिला आलो नव्हतो, ते ४४व्या वर्षी आलो. आणि कंपनीच्या यादीत तळापासून एकोणिसावा. माझे ९,००० तास माझ्याजवळच होते, लॉगबुक कुणी काढून घेत नाही. नंबर मात्र त्या फळीवरच राहिला. पुन्हा फर्स्ट ऑफिसर, पुन्हा रिझर्व्ह, म्हणजे बोलावतील तेव्हा हजर, पुन्हा क्रॅश पॅड : एका खोलीत सहा बंक आणि पहाटे चारला कुणाचा तरी अलार्म.

म्हणून 'दोन वर्षं मुकाट्याने' या सल्ल्याबद्दल मला बोलायचंय. हा सल्ला रीजनलमधला जवळजवळ प्रत्येक जण स्वतःला देतो. मीही दिला होता. आपण इथे पाहुणे, पाहुण्याने घरच्या भांडणात पडू नये. मग तिसऱ्या वर्षी शेड्युलिंगवाल्यांनी मला सुट्टीच्या दिवशी जबरदस्तीने ट्रिपवर पाठवलं आणि पैसे साधे लावले. मी गप्प बसणार होतो. आमचा युनियन प्रतिनिधी, जाड भिंगाचा एक वैतागलेला माणूस, क्रू रूममध्ये करारपुस्तक उघडून माझ्यासमोर बसला. पानांना रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं : अशा ट्रिपला दीडपट. 'हे वाक्य मिळवायला आम्हाला चार वर्षं लागली,' तो म्हणाला, 'आणि तू २१० डॉलरसाठी फॉर्म भरायला लाजतोस?' मी फॉर्म भरला. पैसे दोन महिन्यांनी आले. पुढच्या वर्षी मी स्वतः युनियनचा प्रतिनिधी झालो. बायको अजून म्हणते, तेवढे २१० डॉलर सोडले असतेस तर किती संध्याकाळी घरी असतास.

युनियन म्हणजे सगळं गोडच, असंही नाही. करारातलं पहिलं कलम असतं 'स्कोप' : कुठलं काम कुणाचं. मोठ्या कंपन्यांचे वैमानिक त्यात लिहून घेतात की रीजनलच्या विमानात ७६ पेक्षा जास्त आसनं नकोत, वजन ८६,००० पौंडांच्या वर नको. त्यांच्या बाजूने हे रास्त आहे, नाहीतर त्यांचं काम आम्हाला स्वस्तात गेलं असतं. पण त्याच कलमाने आमच्या डोक्यावरचं छतही ठरतं, आणि छत ठरवणारे कित्येकदा आमच्याच युनियनचे, एअर लाइन पायलट्स असोसिएशनचे, सभासद असतात. कॉमएअरच्या काही वैमानिकांनी याच कारणावरून आपल्याच युनियनला कोर्टात खेचलं होतं. दुसरीकडे मोठी कंपनी चार रीजनल्सना एकमेकींच्या उरावर बसवते : जो पगार कमी करील त्याला नवी विमानं. याला तिथे 'व्हिपसॉ' म्हणतात. आज शेजारच्या रीजनलने कपात मान्य केली की उद्या तोच कागद आपल्या टेबलावर येतो. तुमच्या मुलाला विचारा, फलक धरून उभं राहिल्यावर तिथे दुसऱ्या कंपनीचे किती गणवेश दिसतात. दिसले, तर मी त्याच्या जागी बराच निर्धास्त असेन.

प्रश्न : एअरलाइनच्या नोकरीसाठी लागणारे उड्डाणाचे १,५०० तास पूर्ण होत आले आहेत. दोन रीजनल्सकडून नोकरी आहे. एक मोठा बोनस देते, पण दोन वर्षं राहिलं पाहिजे. दुसरीत बोनस कमी, पण मोठ्या कंपनीत थेट जाण्याचा 'फ्लो' आहे. कुठे जाऊ? — ग्रीन कार्ड मिळालेला वाचक

उत्तर : बोनसच्या आकड्यावर हात ठेवा आणि बाकीचा कागद वाचा. तो आकडा युनियनच्या करारात आहे की कंपनीच्या वेगळ्या पत्रात? करारातला आकडा एकतर्फी बदलता येत नाही. मध्येच सोडलं तर किती परत द्यायचे, महिन्यागणिक घटत जातात की शेवटच्या दिवसापर्यंत सगळेच? हातात येतात कर कापून, पण परत मागताना बऱ्याचदा पूर्ण रक्कम मागतात. आणि कंपनीनेच तुम्हाला फर्लो केलं, म्हणजे काम नाही म्हणून घरी बसवलं, तर परतफेड माफ आहे का? उत्तर तोंडी घेऊ नका.

फ्लोबद्दल : तो करारात लिहिलेला असेल आणि महिन्याला किती जणांना न्यायचं हा आकडा असेल, तर मोल आहे. 'गुणवत्तेनुसार मुलाखतीला प्राधान्य' असं असेल, तर ते जाहिरातीचं वाक्य आहे. मग ताफा बघा. ५० आसनी जेट्सच जास्त असतील तर मी दोनदा विचार करीन. मोठ्या कंपनीशी असलेला करार कोणत्या साली संपतो, हेही विचारा. मुलाखत घेणारा चाचरला तर तेही उत्तरच.

प्रश्न : एवढा पगार घेणाऱ्यांना युनियन कशाला हवी? कारखान्यातल्या कामगाराचं समजू शकतो.

उत्तर : २०२२मध्ये वैमानिक कमी पडले तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या रीजनल्सनी नव्या फर्स्ट ऑफिसरला तासाला ९० डॉलर जाहीर केले, हे खरं. मी लागलो तेव्हा त्याच्या चौथा हिस्साही नव्हता. आणि 'तासाला' म्हणजे विमान हललं की घड्याळ सुरू. पहाटे ५:४०ला हजेरी, एक फेरी, मग गेटसमोरच्या खुर्चीत गणवेशात चार तास, मग दुसरी फेरी. त्या चार तासांचं मोल माझ्या पहिल्या करारात शून्य होतं. २००९च्या फेब्रुवारीत बफेलोजवळ कोलगन एअर या रीजनलचं विमान पडून ५० माणसं गेली. त्यातली फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून देश ओलांडून कामावर आली होती. रीजनल वैमानिक कसे राहतात, कुठे झोपतात, हे लोकांनी विचारायला सुरुवात केली ती तेव्हा. १,५०० तासांची अट आणि विश्रांतीचे नवे नियम त्यानंतर आले.

मेडिकल सर्टिफिकेट आणि मधुमेहाबद्दल तिघांनी विचारलंय. त्यांची उत्तरं पुढच्या अंकात.