लोड्झ घेट्टोचा प्रमुख रुमकोव्स्की ज्यूंचा गद्दार होता का?

दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनांनी पोलंडमधल्या लोड्झ शहरात ज्यूंना घेट्टोत, म्हणजे बंदिस्त वस्तीत कोंडलं होतं; तिचा कारभार पाहायला त्यांनी नेमलेला ज्यू प्रमुख म्हणजे रुमकोव्स्की. 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर हवं असेल तर ते माझ्याकडे नाही. पण 'ज्यूंना त्यांच्याच माणसांनी विकलं' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, म्हणून लिहितोय.

नोकरीमुळे मी 2 वर्षं लोड्झला होतो. दादा आला तेव्हा त्याला राडेगास्ट स्टेशनला नेलं. घेट्टोतल्या ज्यूंना मृत्यूछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्या इथून सुटायच्या. लाकडी स्टेशन, रुळांवर उभे जुने डबे आणि लांब बोगद्यात भिंतीवर नेलेल्यांच्या नावांच्या याद्या. दादा म्हणाला, "या याद्या ज्यूंनीच केल्या ना? मग जर्मनांना कशाला दोष?" मी तिथेच भांडलो. परतताना ट्राममध्ये आम्ही एक शब्द बोललो नाही.

सप्टेंबर 1942 मध्ये जर्मनांनी 10 वर्षांखालची मुलं, 65 वरचे म्हातारे आणि आजारी माणसं मागितली. युद्धाआधी अनाथाश्रम चालवणारा रुमकोव्स्की 4 तारखेला लोकांसमोर उभा राहून म्हणाला, "आईबापांनो, तुमची मुलं मला द्या." कुणी दिली नाहीत. मग संचारबंदी लावून घरोघर झडती झाली. त्यात ज्यू पोलीसही होते, आणि त्यांची स्वतःची मुलं वाचतील असं आश्वासन त्यांना मिळालं होतं. आठवड्यात 15,000 हून जास्त माणसं खेल्मनोच्या मृत्यूछावणीत नेऊन मारली. माझ्या लेखी गद्दारी इथे आहे, स्वतःचं पोर राखून शेजाऱ्याचं ओढून नेण्यात.

दादाचं ठरलेलं उत्तर असतं: वॉर्सा घेट्टोचा ज्यू प्रमुख चेर्नियाकोव्ह याने 23 जुलै 1942 ला विष घेतलं, पण ज्यूंना पाठवण्याच्या हुकुमावर सही केली नाही, रुमकोव्स्कीनेही तेच करायचं. बरं, त्याने काय थांबलं? वॉर्साहून ट्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीकडे जाणाऱ्या गाड्या चालूच राहिल्या, दोन महिन्यांत अडीच लाखांवर माणसं गेली. लोड्झचा घेट्टो कारखाने चालवत ऑगस्ट 1944 पर्यंत टिकला. तोवर रशियन फौजा व्हिस्तुलापर्यंत आल्या होत्या. त्या तिथे थांबल्या नसत्या तर घेट्टोत उरलेली आणि मग आउशवित्झच्या छावणीकडे पाठवलेली 60-70 हजार माणसं वाचली असती आणि आज आपण वेगळंच बोलत असतो.

रुमकोव्स्की सज्जन नव्हता, हेही सांगतो. घेट्टोच्या नोटांवर त्याची सही होती, विरोधकांना त्याने चिरडलं, आणि त्याने लैंगिक अत्याचार केल्याची साक्ष घेट्टोतून जिवंत राहिलेल्या एका बाईने दिली आहे. शेवटी तोही कुटुंबासह आउशवित्झलाच गेला.

दादा, तू हे वाचशीलच. पुढच्या वेळी वॉर्साच्या ज्यू दफनभूमीत जाऊ. चेर्नियाकोव्हची कबर तिथे आहे. तिच्यापुढे उभा राहून तो प्रश्न परत विचार.