वाचकांचे प्रश्न : जुने फर्निचर आणि गोव्यातली दमट हवा

प्रश्न : जुन्या सामानाच्या दुकानातून दोन सागवानी खुर्च्या स्वस्तात मिळाल्या. चवथीआधी घरीच फ्रेंच पॉलिश केले, तर वर दुधाळ डाग उमटले. वेताची बैठकही सैल आहे. सगळे खरवडून काढावे का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : खरवडायची घाई करू नका, चांगले सागवान आहे. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजे शुद्ध केलेली लाख. स्पिरिट झपाट्याने उडते, उडताना लाकडाचा पृष्ठभाग थंड करते आणि पावसाळी हवेतला ओलावा तिथे धरतो. तो चपड्याच्या थरात अडकला की पांढरेपणा दिसतो. डाग वरवरचेच असतात.

उघडीप मिळालेल्या दिवशी, अकरा ते तीनच्या दरम्यान, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याला अगदी थोडे स्पिरिट लावा. बोळा गालाला थंड लागावा, पण ओला लागू नये. एकाच दिशेने हलका हात फिरवा. मध्येच थांबलात तर बोळा चिकटून खालचा थर उचलला जातो. थर मऊ झाला की अडकलेला ओलावा निघून जातो. पुढच्या हातांसाठी एक लिटर स्पिरिटमध्ये साधारण १५० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून घ्या. दाट पॉलिशचे दोन हात देण्यापेक्षा पातळ सहा-सात हात द्या. दर दोन हातांनंतर ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवा. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास समई, निरांजन किंवा गॅस पेटता नको.

आता वेत. बैठकीच्या पट्ट्या तुटल्या नसतील तर नवी वीण लागणार नाही. खुर्ची उलटी करून खालच्या बाजूला गरम पाण्यात पिळलेले जाड फडके अर्धा तास ठेवा. वरची चकचकीत बाजू पाणी पीत नाही, खालची पिते. मग एक दिवस सावलीत वाळू द्या. तोवर कोणी बसायचे नाही. वाळताना वेत आखडतो आणि बैठक ताणली जाते. हे पॉलिशच्या आधीच करा, कारण ओल्या फडक्याची वाफ लागली तर चपडा पुन्हा पांढरा पडेल. पट्ट्या तुटल्या असतील तर विणणारा कारागीर शोधा. चौकटीला भोके असतील तर वीण हाताने घालावी लागते. खाच असेल तर तयार जाळी बसते आणि खर्च बराच कमी येतो.

प्रश्न : मायका लावलेले पार्टिकल बोर्डचे जुने कपाट पांढरे रंगवायचे आहे. रंग टिकेल का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : आधी कपाटाचा तळ पाहा. पार्टिकल बोर्ड पाणी पिऊन फुगला की पुन्हा बसत नाही. तळ फुगलेला असेल तर रंगावर पैसे घालू नका. तळ शाबूत असेल तर साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा, कोरडे करा आणि २२० नंबरच्या पेपरने फक्त चमक मारा. मायकाला छिद्रे नसतात, त्यामुळे साधा लाकडाचा प्रायमर नखाने सोलून निघतो. दुकानात गुळगुळीत पृष्ठभागावर पकड घेणारा प्रायमर मागा. एक हात प्रायमर, वर फोमच्या रोलरने रंगाचे दोन पातळ हात. उघड्या कडांना प्रायमरचा जास्तीचा हात द्या, पाणी शिरते ते तिथूनच. रंग हाताला कोरडा लागला तरी आठवडाभर कपाटात सामान भरू नका. कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे ठेवा, नाहीतर पावसाळ्यात मागे बुरशी येईल. किनाऱ्याजवळच्या घरात बिजागऱ्या आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

प्रश्न : आरशाच्या जुन्या लाकडी चौकटीवर बारीक भोके आहेत. घरात आणावी का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ती भोके कीड बाहेर पडल्याची आहेत, आत अजून आहे की नाही ते त्यांवरून कळत नाही. चौकट ब्रशने झाडून काळ्या कागदावर ठेवा आणि दोन-तीन आठवडे पाहा. नवे पिवळसर पीठ पडले तर कीड जिवंत आहे. मग जुने पॉलिश काढा, कारण त्यातून औषध मुरत नाही. हातमोजे घालून लाकडाच्या किडीचे औषध भोकाभोकांत सिरिंजने सोडा आणि चौकट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. शेवटी मेणाने भोके बुजवा, म्हणजे पुढे नवे भोक पडले तर लगेच दिसेल.