टायरची हवा आणि टायरवरचा बाण

प्रश्न : गेल्या महिन्यात साताऱ्यातील एका दुकानात मी गाडीला चार नवे टायर बसवून घेतले. मेढामार्गे महाबळेश्वरला वरचेवर जावे लागते, असे सांगताच दुकानदाराने ‘घाटाला कडक हवा बरी’ म्हणून चारही चाकांत ४० हवा भरली. टायरच्या कडेवर तर ५१ पीएसआय असे छापलेले आहे. शिवाय मागच्या डाव्या टायरवरचा बाण उलट्या दिशेला दिसतो, आणि गाडीही किंचित डावीकडे ओढते. यात काळजीचे काय आहे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : काळजीच्या दोन गोष्टी आहेत, हवा आणि बाण, डावीकडे ओढण्याचे कारण कदाचित अगदी साधे निघेल.

टायरच्या कडेवरचा आकडा हा त्या टायरला सोसणाऱ्या कमाल दाबाचा असतो. आपल्या गाडीला किती हवा हवी, हे गाडीचे वजन पाहून तिचा उत्पादक ठरवतो, आणि तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत मिळतो. बहुतेक पट्ट्यांवर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो. घरची पाच माणसे आणि सामान घेऊन घाट चढायचा असेल, तर तो वापरावा. त्याहून कडक हवेने टायर मधोमध झिजतो, रस्त्याला टेकणारा भाग आक्रसतो आणि केळघर घाटातल्या ओल्या वळणावर ब्रेक दाबताना पकड कमी पडते. कमी हवा त्याहूनही वाईट, कारण टायरच्या भिंती सतत दुमडत राहतात, तापतात आणि महामार्गावरच्या वेगात टायर फुटण्याची वेळ येते.

उंचीचा प्रश्न अनेकांना पडतो. सातारा ते महाबळेश्वर चढ सहाशे मीटरांच्या आसपास आहे. बाहेरच्या हवेचा दाब घटल्यामुळे तेवढ्या चढात मापकाचा आकडा जेमतेम १ पीएसआयने वाढतो, आणि वरच्या गारव्यात तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की साधारण तितकाच खाली येतो. घाटासाठी वेगळा हिशेब करण्याचे कारणच उरत नाही.

खरी चूक मोजण्याच्या वेळेत होते. पट्टीवरचा आकडा थंड टायरचा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असतानाचा असतो. म्हणून छोटा मापक विकत घेऊन पहाटे अंगणातच मोजावे. हा खर्च मला तरी सत्कारणी वाटतो. समजा ३३ हवी आणि घरी मोजल्यावर २८ निघाली, तर तूट ५ ची. पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापून तेथील यंत्र ३१ दाखवत असेल, तर ३६ पर्यंत भरून घ्यावी. तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसतो म्हणून हवा सोडणे हा मात्र शुद्ध घात होय. महिन्यातून एकदा हे करावे आणि स्टेपनीला विसरू नये, कारण तिची आठवण आपल्याला पंक्चर झाल्यावरच होते.

आता बाण. ज्या टायरवर ‘रोटेशन’ या शब्दाबरोबर बाण असतो, त्याच्या खाचा पाणी बाजूला फेकण्यासाठी एकाच दिशेने कापलेल्या असतात. चाकाच्या माथ्यावर आलेला बाण गाडीच्या पुढच्या दिशेला हवा. उलटा बसलेला टायर कोरड्या रस्त्यावर फारसा जाणवत नाही. आपल्याकडच्या पावसात, महामार्गावर पाणी साचलेले असताना, तोच लवकर तरंगू लागतो. दुकानात परत जाऊन तो टायर डिस्कवरून, म्हणजे चाकाच्या धातूच्या भागावरून, उतरवून पुन्हा बसवून घ्यावा आणि बॅलन्सिंगही, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडून समतोल करण्याचे काम, नव्याने करून घ्यावे. ज्या टायरवर ‘आउटसाइड’ असे छापलेले असते, त्याला सहसा दिशा नसते. फक्त ती बाजू बाहेर असावी लागते.

ओढण्याबद्दल सांगायचे, तर आधी पुढच्या दोन्ही चाकांची हवा सारखी करून सपाट रस्त्यावर गाडी चालवून पाहावी. पाणी वाहून जावे म्हणून आपले रस्ते कडेला उतरते असतात आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे थोडा कल डावीकडे जाणवतोच. तरीही ओढ राहिली, तर अलाइनमेंट, म्हणजे चाके सरळ रेषेत आहेत ना, हे तपासून घ्यावे.

चाक पुन्हा बसवताना नट एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे आवळले जातात ना, हे तेथे उभे राहून पाहावे. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवल्यावर, म्हणजे कराडला जाऊन परतल्यावर, ते पान्याने पुन्हा तपासून घ्यावेत.